पगार, पद आणि प्रार्थना : सामोआतलं नेतृत्व

आज आपण सामोआकडे वळू. दक्षिण प्रशांत महासागरातला हा बेटांचा देश, लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. एवढ्याशा समाजात माणसाला ऑफिसात एक आणि गावात दुसरा असं राहता येत नाही. साहेब, कारकून, पाळक, सगळे कुठे ना कुठे एकमेकांचे नातलग निघतात.

तिथे प्रत्येक विस्तारित कुटुंबाचे प्रमुख असतात, त्यांना 'मताई' म्हणतात. हे पद नुसतं बापाकडून मुलाकडे जात नाही. कुटुंब एकत्र बसून निवड करतं, आणि उमेदवारानं आधी घरच्यांची सेवा केली आहे का हे पाहतं. गावचा कारभार मताईंची सभा बघते. १९९० च्या जनमतानंतर २१ वर्षांवरच्या सगळ्यांना मतदानाचा हक्क मिळाला. पण संसदेसाठी उभं राहायचं, तर आजही मताईच असावं लागतं.

आता कल्पना करा. राजधानी आपियामधल्या एका कचेरीत तिशीतल्या बाई विभागप्रमुख आहेत, आणि त्यांच्या हाताखालचे कारकून त्यांच्याच गावचे मोठे मताई. सामोअन भाषेत मताईंशी बोलायची वेगळी आदरार्थी शब्दावली आहे. मग उशिरा आल्याबद्दल बाईंनी त्यांना बोलायचं कोणत्या भाषेत? नियम तर मोडून चालत नाही, आणि रविवारी चर्चमध्ये पुन्हा गाठ आहेच!

पैशाचा पेच याहून अवघड. मयत, लग्न, मताईपदाचा सोहळा, अशा प्रसंगांना 'फाअलावेलावे' म्हणतात. त्यात रोख रक्कम, अन्न आणि बारीक विणीच्या मौल्यवान चटया द्याव्या लागतात. बढती मिळाली की अपेक्षाही वाढते. पगारदार माणूस मग कर्ज काढतो, रजा मागतो, आणि रजा मंजूर करणाऱ्या वरिष्ठांकडेही पुढच्या महिन्यात असंच काही निघालेलं असतं. यामुळे माणूस संकटात एकटा पडत नाही, हे खरंच. पण आपल्याला वाटतं, भार सारखा वाटला जात नाही. ज्याचा पगार दिसतो, त्याच्यावरच तो पडतो.

त्यात चर्च. लंडन मिशनरी सोसायटीचे जॉन विल्यम्स १८३० मध्ये सावाई बेटावर उतरले, आणि ख्रिस्ती धर्म मताईंच्या माध्यमातूनच गावोगाव पसरला. म्हणून धर्म आणि परंपरा हे तिथे दोन पक्ष नाहीत, एकमेकांत विणलेले आहेत. सर्वांत मोठ्या काँग्रिगेशनल चर्चमध्ये पाळकांचा निर्वाह गावकऱ्यांच्या देणगीवर चालतो. २०१७ मध्ये सरकारनं पाळकांच्या उत्पन्नावर कर बसवायचा कायदा केला, तेव्हा याच चर्चनं कडाडून विरोध केला. देवाला दिलेल्या दानावर सरकारचा हात कशाला, हा त्यांचा मुद्दा. सरकार चालवणारेही त्याच बाकांवर बसणारे भाविक होते, बरं का!

कामाच्या गरजेनं श्रद्धेला कसा धक्का बसतो, याचं एक विलक्षण उदाहरण पाहू. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी व्यापार सोपा व्हावा म्हणून सामोआनं आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलली, आणि ३० डिसेंबर २०११ हा शुक्रवार तिथे उगवलाच नाही. गुरुवारनंतर थेट शनिवार! कचेऱ्यांची सोय झाली. शनिवारी शब्बाथ पाळणाऱ्या सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळींपुढे मात्र प्रश्न आला, की सातवा दिवस आता कोणता? तिथल्या त्यांच्या चर्चनं रविवार धरला. काही सभासद मात्र शनिवारलाच चिकटून राहिले.