शेक्सपिअरवरचा राग

‘मॅकबेथ’मध्ये बर्नमचं जंगल चालून येतं, म्हणजे सैनिक तोडलेल्या फांद्या हातात धरून येतात, एवढंच! शाळकरी टॉल्किनचा यावर पार विरस झाला. झाडं खरोखर लढाईला निघायला हवीत, ही हौस त्याने ‘द टू टॉवर्स’ या आपल्या कादंबरीत (१९५४) फेडून घेतली. त्यातले एन्ट म्हणजे झाडांसारखेच दिसणारे, चालते-बोलते जंगलाचे राखणदार. त्यांचा म्होरक्या ट्रीबिअर्ड १४ फूट उंच, पायांना सात-सात बोटं, दाढी टोकाला शेवाळलेली. त्याचा घुमणारा आवाज टॉल्किनने मित्र सी. एस. लुईसवरून उचलला म्हणतात. युद्धाचं ठरवायला एन्टांची सभा तीन दिवस चालते (ग्रामसभा परवडली). मग मात्र ते झाडतोड्या जादूगार सारुमानच्या आयसेनगार्ड गडाचा कोट पाडतात आणि बांध फोडून नदीच आत सोडतात.