डबा अडतो, बाटली जाते

कुंभारीच्या गोदूताई परुळेकर विडी घरकुलातलं बिऱ्हाड सोलापुरात सिनेमाला निघालं की पिशवीत काय असतं, हे वेगळं सांगायला नको. कडक भाकरी, शेंगाचटणी, पोरांची बिस्किटं, पाण्याच्या दोन बाटल्या. दारावरचा गार्ड पिशवी चाचपतो, आत भाकरी कडकन मोडते. "मावशी, डबा आत चालत नाही. कायदा आहे." मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडतंच, "कायदा उलटा आहे, अडवताच येत नाही!"

दोघंही चुकतात. बाहेरचं खाणं आणू नका असा कायदा महाराष्ट्रात नाही, आणि आणू द्याच असाही नाही.

रांगेतल्या माणसाचा मात्र फार दोष नाही. २०१८च्या पावसाळ्यात हा विषय राज्यभर पेटला होता. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका होती, पुण्यात मनसेचं आंदोलन झालं, आणि जुलैत नागपूरच्या अधिवेशनात राज्यमंत्री रवींद्र चव्हाण यांनी सांगून टाकलं की मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे पदार्थ न्यायला बंदी नाही. ती बातमी घरोघरी पोहोचली. पुढच्याच महिन्यात सरकारने न्यायालयात नेमकी उलटी भूमिका घेतली आणि सुरक्षेचं कारण पुढे केलं. ती बातमी फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही.

शेवटचा शब्द सर्वोच्च न्यायालयाचा. ३ जानेवारी २०२३. प्रकरण जम्मू-काश्मीरचं होतं. तिथल्या उच्च न्यायालयाने थिएटरवाल्यांना बाहेरचं खाणं अडवू नका असं बजावलं होतं. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. नरसिंह यांनी तो आदेश रद्द केला. थिएटर ही खासगी मालमत्ता, आत येण्याच्या अटी मालक ठरवणार. कुणी जिलबी आणली आणि हात खुर्चीला पुसले तर, असंही सुनावणीत विचारलं गेलं. (आपल्या शेंगाचटणीचं तेल त्यांनी पाहिलं नसावं.)

पण त्याच निकालात दोन गोष्टी आहेत, त्या गार्डला सहसा कुणी सांगत नाही. पिण्याचं स्वच्छ पाणी थिएटरने फुकट द्यायचं, आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांनी आणलेलं बेताचं खाणं अडवायचं नाही. हे मागताना ओशाळण्याचं कारण नाही.

निकाल थिएटरचा असला तरी खासगी जागेचा मुद्दा वॉटर पार्कलाही तसाच लागू पडतो. म्हणजे गार्ड प्रवेश नाकारू शकतो. जागच्या जागी दंड ठोकणं किंवा डबा कायमचा ठेवून घेणं हा अधिकार मात्र त्याला कुणी दिलेला नाही. डबा तुमचाच राहतो, गाडीत ठेवून या. आणि तिकीट काढताना अट कुठेच दिसली नव्हती, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

हॉटेलात टेबलावर मागवलेल्या पाण्याच्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावले की आपण भांडतो. तेही फुकट जातं. डिसेंबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलांना त्याची मुभा दिली. तिथे तुम्ही नुसती बाटली घेत नाही, बसायची जागा आणि वाढणंही घेता, म्हणून.

आता गंमत बघा. कायदा जिथे खरोखर बोलतो, तिथे कुणी पिशवी चाचपत नाही. हायवेच्या ढाब्यावर संध्याकाळी मित्रमंडळी जमतात, बाटली वाइन शॉपमधून आणलेली, ढाब्याकडून फक्त ग्लास, सोडा आणि चकणा. समज असा की दारू ढाब्याने विकली नाही, मग गुन्हा कसला? महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ चं कलम ६८ विनापरवाना पिण्याची जागा चालवणाऱ्याला लागतं आणि कलम ८४ तिथे पीत बसणाऱ्याला. राज्य उत्पादन शुल्कची धाड पडली की मालकाबरोबर गिऱ्हाईकही न्यायालयात उभं राहतं. खिशात दारू पिण्याचा एक दिवसाचा परवाना असला तरी उपयोग नाही. तो माणसाला असतो, ढाब्याच्या बाजेला नव्हे.

आणि त्याच ढाब्यावर दुपारी अक्कलकोटहून परतणारं कुटुंब टेकतं. "भाकरी आमची आहे, नुसती आमटी द्या," मावशी सांगते. मालक आमटी देतो, न मागता कांदा फोडून ठेवतो.