दीड वर्षाच्या मुलाला तपासणीला आणताना

मूल आजारी नसताना डॉक्टरांकडे कशाला न्यायचं, असं अनेक घरांत वाटतं. पहिल्या वर्षी लसींच्या निमित्ताने येणं-जाणं असतं. मग मूल चालायला लागतं, दवाखान्याच्या दारातच भोकाड पसरतं आणि पुढची भेट लांबत जाते. नेमकं याच काळात, १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर द्यायचा असतो. वजन, उंची, डोक्याचा घेर, चालणं, बोलणं हेही त्याच भेटीत पाहिलं जातं.

मूल रडलं तर आम्हाला त्याचं काही वाटत नाही. पण जोरात रडणाऱ्या मुलाचे श्वास नीट मोजता येत नाहीत. हृदयाचा बारीकसा जादा आवाज ऐकू येत नाही. पोट ताठ झाल्याने यकृत, प्लीहा हाताला लागत नाही. दोन मिनिटं शांत मिळाली तरी बरंच कळतं. सगळी तयारी त्या दोन मिनिटांसाठी.

घरून निघण्याआधी

'जेवला नाहीस तर डॉक्टरकाका सुई टोचतील' हे वाक्य आधी बंद करा. महिनोन्‌महिने ज्याचा बागुलबुवा केला, त्याच्यासमोर मूल आनंदाने शर्ट वर करेल कसं? आजी-आजोबांनाही हे प्रेमाने सांगा. आणि हो, वेटिंगमध्ये दुसऱ्याच्या मुलालाही हा धाक घालू नका.

दुसरी चूक याच्या उलट असते. 'बागेत जाऊया' म्हणून दवाखान्यात आणणं, किंवा 'काही दुखणार नाही' म्हणणं. लस टोचते आणि दुखते, हे मुलाला दोन सेकंदांत कळतं. मग पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर ते विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा सांगा, 'टुच्‌ होईल, थोडं दुखेल, मग आई जवळ घेईल.' एवढं पुरे. या वयात 'परवा', 'पुढच्या आठवड्यात' समजत नाही, म्हणून त्याच दिवशी सकाळी सांगा.

एक-दोन दिवस आधी घरी डॉक्टर-डॉक्टर खेळा. विकतची पेटी लागत नाही. छोटी वाटी छातीला लावली की झाला स्टेथोस्कोप. बाहुलीला तपासा, 'आऽऽ' करायला लावा आणि मग मुलाला तुम्हाला तपासू द्या. मुलांना हाच भाग सर्वांत आवडतो.

वेळ झोपेची घेऊ नका. खाणं तासभर आधी आणि हलकं असावं. पोट गच्च भरलेलं असताना जीभ दाबली की उलटी ठरलेली. कपडे सैल घाला, कारण लस दंडावर आणि मांडीवर दिली जाते. आवडतं खेळणं किंवा नेहमीची गोधडी बरोबर असू द्या. लसीकरणाचं कार्ड आणि सुरू असलेली औषधं आणाच. मूल दिवसभर ज्यांच्याजवळ असतं त्यांनाही शक्य असेल तर आणा. कितीतरी वेळा बाबा एकटे येतात आणि मूल दिवसाला किती दूध पितं याचं उत्तर फोनवर शोधतात! हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतो. बाटल्यांवर बाटल्या दूध पिणारं मूल जेवत नाही, आणि गुबगुबीत दिसूनही त्याच्या अंगात लोह कमी असू शकतं.

आम्ही विचारलं नाही तरी काही गोष्टी तुम्ही सांगा. १८ महिने झाले तरी मूल आधाराशिवाय चालत नाही, हाक मारल्यावर वळत नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, अर्थपूर्ण शब्द बोलत नाही. 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नका. आधी ऐकू येतंय ना, हे तपासायला हवं. दवाखान्यात मूल गप्पच बसतं, म्हणून घरचा मोबाइलवरचा छोटा व्हिडिओ फार उपयोगी पडतो.

तपासणीच्या वेळी

मुलाला टेबलावर झोपवण्याची घाई करू नका, मांडीवर घ्या. बरीचशी तपासणी तिथेच होते. कान आणि घसा मी शेवटी पाहतो. लस देतानाही मूल कुशीत बसलेलं असावं. अंगावर पीत असेल तर त्याच वेळी पाजायला हरकत नाही, दुखणं कमी जाणवतं. चौघांनी धरून दाबू नये. 'शूर मुलं रडत नाहीत' असंही म्हणू नका, रडू द्या.

साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलण्याची गरज नसते. ताप वगैरे असेल तर विचारा. 'ताप येऊ नये म्हणून' आधीच पॅरासिटामॉल पाजून आणू नका.

लसीनंतर अर्धा तास तिथेच थांबा. टोचलेली जागा चोळू नका. त्रिगुणीचा ताप बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. त्यासाठी पॅरासिटामॉलचा डोस वजनावरून लिहून घ्या. थेंबांची बाटली आणि सिरप यांत औषधाचं प्रमाण वेगळं असतं, एकाचं माप दुसऱ्याला वापरू नका. गोवर-रुबेला लसीचा ताप मात्र साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येऊ शकतो, कधी बारीक पुरळही येतं. ते आपोआप जातं. पण मूल मलूल झालं, पीत नसेल, झटका आला किंवा श्वास जोरात चालू लागला, तर वाट न पाहता लगेच घेऊन या.