एकशे एक नावांची यादी

पालघरच्या कोर्टात मी कारकून होतो; आता निवृत्त होऊन माझ्या गावी, घिवलीतच असतो. दोषारोप ठेवताना न्यायाधीश आरोपीला विचारतात, ‘गुन्हा कबूल आहे का?’ बहुतेकांचं उत्तर एकच, ‘नाही साहेब.’ मग आरोपी खाली सही करतो, नाहीतर अंगठा उठवतो. तिथून पुढे सगळं ओझं सरकारी वकिलाच्या डोक्यावर. साक्षीदार आणा, पंच आणा, मुद्देमाल दाखवा. आरोपी तोंड मिटून बसला तरी चालतं. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, असं घटनेचं कलम २० सांगतं.

कोर्टाबाहेर मात्र पुढाऱ्याचं एक वाक्य पुरतं.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा जिल्ह्यात गावोगाव पोचली होती. घिवलीतही पोरं काठ्या घेऊन रात्री जागायची. १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यात, गडचिंचल्याला जमावाने दोन साधू आणि त्यांच्या ड्रायव्हरला पोलिसांच्या देखत मारून टाकलं. मग पुढाऱ्यांच्या जिभा सुटल्या. कोणाला धर्माचा कट दिसला, कोणाला मिशनऱ्यांचा, कोणाला लाल बावट्याचा. २२ एप्रिलला राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतल्या १०१ जणांची यादीच जाहीर केली. त्यात एकही मुस्लिम नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. हेतू आग विझवण्याचा होता, हे मी मानतो. पण आरोपपत्र दाखल व्हायला अजून अवकाश होता. गृहमंत्र्यांनीच नाव जाहीर केल्यावर, हा दगड मारत होता की बॅटरी घेऊन मागे उभा होता, हे पाड्यावर कोण विचारणार?

कोर्टाला ते एकेकाचं वेगळं विचारावं लागतं. म्हणून तर जानेवारी २०२१मध्ये ठाण्याच्या कोर्टाने ८९ जणांना जामीन दिला. पुढच्या वर्षी हायकोर्टाने त्याच प्रकरणात १० जणांना जामीन दिला आणि ८ जणांना नाकारला. जामीन म्हणजे सुटका नव्हे, हेही लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

त्याआधीच, नोव्हेंबर २०२१मध्ये, खुद्द देशमुखांना ईडीने अटक केली होती. ते वर्षाहून अधिक काळ आत राहिले. त्यांच्यावरही निकालाआधीच शिक्का मारणारे पुढारी कमी नव्हते. तेही चूकच.

मंत्री असं बोलला तर सरकार जबाबदार का? उत्तर प्रदेशातल्या बलात्काराच्या एका प्रकरणाला तिथले तेव्हाचे मंत्री आझम खान यांनी ‘राजकीय कट’ म्हटलं होतं. त्यावरून सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ३ जानेवारी २०२३ला बहुमताने ठरवलं, की मंत्र्याचं बोलणं सरकारच्या माथी मारता येणार नाही. मग उरतो अब्रुनुकसानीचा दावा. वीटभट्टीवर जाणाऱ्या माणसाने तो मंत्र्यावर लावायचा, आणि तारखेला रोज बुडवून यायचं!

गडचिंचल्याच्याच प्रकरणात भाजपने वर्षानुवर्षं राष्ट्रवादीच्या काशिनाथ चौधरींकडे बोट दाखवलं. नोव्हेंबर २०२५मध्ये त्याच पक्षाने त्यांना हार घालून प्रवेश दिला. ओरड झाली तशी ते आरोपी नाहीत, असा खुलासा जिल्ह्यातल्या भाजपनेच केला. तरीही लगेच प्रदेशाध्यक्ष रवींद्र चव्हाणांनी त्या प्रवेशाला स्थगिती दिली.