बातमीत न येणारी माणसे

‘आरोग्य व अर्थ’ हे पान उघडताना मधुमेह, विमा किंवा निवृत्तीनंतरची गुंतवणूक अशा विषयांची अपेक्षा असते. या वेळचा विषय थोडा वेगळा आहे, पण त्याचा आपल्या झोपेशी आणि आपल्या चेकबुकाशी, दोन्हींशी संबंध आहे. जगात कुठे ना कुठे रोज हिंसाचार चालू असतो. त्यातला काही आपल्याला दिवसभर टीव्हीवर दिसतो आणि काही अजिबात दिसत नाही. दोन्ही बाबतींत आपण काय करावे? मी डॉक्टर नाही, अकाउंटंटही नाही. साधा सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्याच एका चुकीमुळे या प्रश्नाचा अभ्यास करावा लागला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

शेजारच्या टेबलावर

मार्च २०२२ ची गोष्ट. रशियाने २४ फेब्रुवारीला युक्रेनवर मोठा हल्ला केला होता. आमच्या ऑफिसात सर्वांची बैठक झाली, दोन मिनिटे शांतता पाळली गेली आणि आपण जेवढी देणगी देऊ तेवढीच भर कंपनी घालेल असे जाहीर झाले. मीही पैसे दिले. नंतर कॉफी घेताना शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला सहज विचारले, “तू दिलेस का?” तो म्हणाला, “दिले.” मग जरा थांबून म्हणाला, “माझी आई मेकेलेला असते. नऊ महिने झाले, तिचा आवाज ऐकलेला नाही.”

मेकेले ही इथिओपियाच्या तिग्राय प्रांताची राजधानी, हे मला त्या दिवशी कळले. तिथे नोव्हेंबर २०२० मध्ये युद्ध पेटले होते आणि जून २०२१ च्या अखेरीस फोन, इंटरनेट व बँका बंद पडल्या होत्या. दोन वर्षांत किती माणसे गेली याचे अंदाज काही लाखांच्या घरात जातात. आम्ही दोघे रोज एकत्र जेवत होतो, क्रिकेट आणि फुटबॉलवर वाद घालत होतो, आणि मी त्याला एकदाही “घरचे कसे आहेत?” असे विचारले नव्हते. युक्रेनचे दुःख खोटे नव्हते, दिलेले पैसेही वाया गेले नाहीत. पण माझी कणव कॅमेरा जिकडे वळेल तिकडेच वळत होती, हे मान्य करणे भाग होते.

मला याची जास्त लाज वाटायचे कारण असे की फोन न लागणे म्हणजे काय हे मी अनुभवले होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचे घर डोंबिवलीला आणि बाबांचे ऑफिस फोर्टमध्ये. सीएसटीवर गोळीबार झाल्याची बातमी आली तेव्हा बाबा घरी पोचले नव्हते. आई दर दोन मिनिटांनी मोबाइल लावत होती आणि तो लागत नव्हता. बाबा साडेअकराला आले. गोळीबाराच्या थोडे आधीच त्यांची लोकल सुटली होती.

पुढे २९ तारखेच्या सकाळपर्यंत साऱ्या जगाने ताजमहाल हॉटेल जळताना पाहिले. परदेशातून नातेवाइकांचे फोन येत आणि सगळे ताजबद्दल विचारत. त्या हल्ल्यात १६६ माणसे मारली गेली, आणि त्यांतली सर्वाधिक सीएसटीवर. लांब पल्ल्याच्या गाड्यांची वाट पाहत सामानावर बसलेले साधे प्रवासी होते ते. उद्घोषक विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीतून सूचना देत लोकलच्या प्रवाशांना बाहेर काढले म्हणून आणखी कित्येक वाचले. पण स्टेशनवरचा प्रकार थोड्या वेळात संपला आणि कॅमेरे समुद्रकिनारी गेले. एकाच शहरात, एकाच रात्री बातमीची वाटणी इतकी विषम होऊ शकते, मग खंडाखंडांमध्ये ती कशी असेल?

असे का होते?

यात प्रत्येक वेळी कोणाचे कारस्थान असते असे नाही. योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रूगे यांनी १९६५ साली काँगो, क्युबा आणि सायप्रस येथील संकटांच्या नॉर्वेतील वृत्तपत्रांमधल्या बातम्या तपासून या विषयाचा पाया घातला. घटना अचानक घडलेली असावी, वाचकाला जवळची वाटावी, तिला ओळखीचा चेहरा असावा, म्हणजे ती बातमी होते. वर्षानुवर्षे रेंगाळणारे युद्ध या चाळणीतून खाली पडते. शिवाय पत्रकारांना तिथे जाता आले पाहिजे. तिग्रायमध्ये तेच होऊ दिले गेले नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये १२ तारखेला बैरूतमध्ये आत्मघातकी स्फोटांत चाळीसहून अधिक माणसे गेली आणि दुसऱ्या दिवशी पॅरिसमध्ये १३० जण मारले गेले. जगाने पॅरिसचा शोक केला. बैरूतचे लोक विचारत राहिले, “आणि आम्ही?”

दुसरे कारण आपल्याच डोक्यात आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही लोकांना आफ्रिकेतील एका मुलीचे नाव व फोटो दाखवून मदत मागितली, तर काहींना लाखो उपाशी लोकांची आकडेवारी दिली. मुलीसाठी दुपटीहून अधिक पैसे मिळाले. मुलीच्या फोटोसोबत आकडेवारीही जोडली तेव्हा रक्कम पुन्हा घसरली. म्हणजे संख्या वाढली की कणव वाढत नाही, ती बधिर होते.

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. ज्या सर्व्हरकडून काहीच संदेश येत नाही तो सुरळीत चालला आहे असे आम्ही धरत नाही. तो बंद पडला असावा ही पहिली शंका घेतो. बातम्यांनाही हा नियम लावायला हरकत नाही.

आरोग्य: किती पाहावे?

याचा अर्थ आणखी बातम्या पाहाव्यात असा मात्र नाही. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले. त्यानंतरच्या आठवड्यात ज्यांनी दिवसाला सहा तास किंवा अधिक वेळ त्याच्या बातम्या पाहिल्या, त्यांच्यात तीव्र मानसिक ताणाची लक्षणे प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली. या पाहण्याने बोस्टनमधल्या कोणाचे काही भले झाले नाही, हे वेगळे सांगायला नको.

आमच्या घरी आता सकाळी आणि संध्याकाळी वीस-वीस मिनिटे बातम्या, त्याही शक्यतो वाचायच्या. मारहाणीची, स्फोटांची दृश्ये पुन्हा पुन्हा पाहायची नाहीत. झोपण्यापूर्वी तासभर फोन दुसऱ्या खोलीत. मुलांनी विचारले तर खरे सांगायचे, पण त्यांच्या वयाला झेपेल तेवढेच. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांकडेही लक्ष द्यावे. आपण ऑफिसात आणि मुले शाळेत. घरात दिवसभर सोबत उरते ती वृत्तवाहिनीची. त्यांना टीव्ही बंद करा म्हणण्यापेक्षा संध्याकाळी फिरायला घेऊन जाणे अधिक चांगले. दोन आठवडे झोप लागत नसेल, सारखी धडधड होत असेल, तर डॉक्टरांशी बोलावे. इथे अमेरिकेत मन फारच खचले तर ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो.

अर्थ: कसे द्यावे?

डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर एक विलक्षण गोष्ट घडली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने काही दिवसांतच जाहीर केले की त्सुनामीसाठी आमच्याकडे पुरेसे पैसे आले आहेत, कृपया आमच्या सर्वसाधारण निधीला द्या. आलेली जादा रक्कम इतर संकटांसाठी वापरण्याची परवानगीही त्यांनी देणगीदारांकडे मागितली. देणगीही बातमीच्याच मागे धावते आणि एका जागी साचते, हे त्यांना दिसत होते.

मी आणि माझ्या पत्नीने यावर काढलेला तोडगा असा. पाडव्याला वर्षभराच्या देणगीची रक्कम ठरवायची. निम्मी रक्कम दरमहा एका अनुभवी संस्थेच्या सर्वसाधारण निधीला, कोणतीही अट न घालता. म्हणजे गरज असेल तिथे ती वापरू शकते. उरलेल्यापैकी अर्धी बातम्यांतून समोर येणाऱ्या संकटांसाठी, कारण तेही खरेच असते. आणि अर्धी बातमीत नसलेल्यांसाठी. ते शोधायचे कसे? ‘नॉर्वेजियन रेफ्युजी कौन्सिल’ ही संस्था दरवर्षी सर्वाधिक दुर्लक्षित विस्थापितांच्या संकटांची यादी प्रसिद्ध करते. ती वाचायला अर्धा तास पुरतो.

काही व्यावहारिक सूचना. संस्था करमुक्त म्हणून नोंदलेली आहे की नाही हे आयआरएसच्या यादीत पाहावे. देणगी २५० डॉलर किंवा अधिक असेल तर संस्थेची लेखी पोच जपून ठेवावी. २०२६ च्या करवर्षापासून स्टँडर्ड डिडक्शन घेणाऱ्यांनाही नोंदणीकृत संस्थांना दिलेल्या रोख किंवा चेकच्या देणगीवर १,००० डॉलरपर्यंत, आणि पती-पत्नींच्या एकत्र रिटर्नवर २,००० डॉलरपर्यंत वजावट मिळते. एखाद्या व्यक्तीसाठी गोळा केलेल्या वर्गणीला ही सवलत नाही. फोनवर घाई करणाऱ्या, गिफ्ट कार्डने पैसे मागणाऱ्या कोणालाही काही देऊ नये. कंपनी तेवढीच भर घालते का, हे जरूर विचारावे. विचारले नाही म्हणून ते पैसे दरवर्षी पडून राहतात.

आणि पैशाशिवाय

एक पथ्य मात्र पाळावे. कोणी पॅरिससाठी किंवा युक्रेनसाठी रडत असेल तर “मग तिग्रायच्या वेळी कुठे होतात?” असे त्याला ऐकवू नये. एकाच्या दुःखाला दुसऱ्याच्या दुःखाने गप्प केले की दोघेही एकटे पडतात. आपल्या ऑफिसात, मुलांच्या शाळेत, किराणा दुकानात सुदानचे, सीरियाचे, म्यानमारचे, हैतीचे कोणी ना कोणी असतेच. त्यांच्या देशाच्या राजकारणावर आपले मत देण्याची गरज नसते. “घरच्यांशी बोलणे होते का?” एवढे पुरते. उत्तर ऐकायला दहा मिनिटे मोकळी ठेवावीत.

माझ्या सहकाऱ्याने त्या दुपारी तासभर आईबद्दल सांगितले. त्यानंतर दर सोमवारी मी विचारत असे, आणि तो नुसती मान हलवत असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रिटोरियात करार झाला आणि त्यानंतर फोन हळूहळू सुरू झाले. जानेवारीत एके दिवशी तो ऑफिसात उशिरा आला. आईशी बोलणे झाले होते. ती बरी होती, तिचा धाकटा भाऊ मात्र राहिला नव्हता.

मी त्याला काय बोललो ते आता आठवत नाही. त्या दिवशी आम्ही कामाला बसलो नाही, बाहेर चालायला गेलो.