विमान वळतं, तेव्हा जमिनीवर कोण धावपळ करतं?

राजूर घाटात दरड कोसळली तर एसटी दुसऱ्या रस्त्यानं काढावी लागते. ती व्यवस्था स्थानकातले वाहतूक नियंत्रक पाहतात. विमानासाठी असं काम फ्लाइट डिस्पॅचर करतो.

१ जुलै २०१९ च्या रात्री पावसात मुंबईला एक विमान धावपट्टीबाहेर गेलं. मुख्य धावपट्टी बंद झाली आणि अनेक विमानं इतर शहरांकडे वळवावी लागली. अशा वेळी डिस्पॅचर दुसऱ्या विमानतळावरचं हवामान, धावपट्टी आणि विमान उभं करायची जागा तपासून कॅप्टनला कळवतो. अंतिम निर्णय कॅप्टनचाच. विमान उतरल्यावर इंधन भरणं, कर्मचाऱ्यांचे ड्युटीचे तास मोजणं, पुढच्या उड्डाणाचा नवा आराखडा करणं, हेही बघावं लागतं.

पण खरी तयारी उड्डाणाआधीच झालेली असते. प्रवासाचं इंधन, त्यात पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शिवाय ३० मिनिटांचं राखीव इंधन. वर्गात बेरीज शिकवताना हे उदाहरण जरूर द्या. इथं हातचा विसरून चालत नाही!