टांग कुठून टाकायची?

सायकल चालवायची पद्धत एकच, तिच्यावर चढायच्या मात्र डझनभर. कोण कसा चढणार हे पायांपेक्षा जास्त कॅरिअरवर काय बांधलंय त्यावर ठरतं. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे आकुर्डीला बजाज आली, टेल्को आली, भोसरीची एमआयडीसी वाढली. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत गेट गाठायचं, हँडलला डबा लटकलेला, सायकल काळी, उंच आणि सळईच्या ब्रेकची. तिथे निवांत चढायला वेळ कुणाला?

धावती टांग

म्हणून धावती टांग. डावा पाय डाव्या पायडलवर, उजव्या पायाने दोन-तीनदा जमीन मागे ढकलायची आणि वेग आला की तोच पाय मागून फिरवून थेट सीटवर. नीट बघितलंत तर या दोन सेकंदांत सायकल सरळ नसतेच. माणूस डावीकडे लटकलेला, म्हणून सायकल उजवीकडे कलते आणि दोघांचं मिळून वजन टायरच्या रेषेवर येतं. हे गणित कुणी शिकवत नाही, गुडघे फुटले की येतं.

ही टांग शक्य झाली ती फ्रीव्हीलमुळे. एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक सायकलींना ते नव्हतं. चाक फिरलं की पायडल फिरणारच, मग फिरत्या पायडलवर उभं राहायचं कसं? त्यामुळे तेव्हाच्या बऱ्याच सायकलींच्या मागच्या आसाला एक खुंटी असे. तिच्यावर पाय ठेवून, पाठीमागून सीटवर यायचं. त्याआधीच्या उंच सायकलीचं पुढचं चाक तर दीड मीटरपर्यंत जायचं. तिला मागे पायरी होती. सायकल ढकलत धावायचं, पायरीवर चढायचं आणि पुढे सीटवर झेप घ्यायची. उतरताना तीच पायरी न बघता, पायाने चाचपत शोधायची! १८८५ साली जॉन केम्प स्टार्लीची ‘रोव्हर’ आली, दोन्ही चाकं जवळजवळ सारखी झाली आणि माणसं जमिनीजवळ आली. सगळ्यात सोपं काम कार्ल ड्राइसच्या १८१७ च्या यंत्राचं. त्याला पायडलच नव्हतं. दोन पायांत धरायचं आणि पळत सुटायचं.

डावीकडूनच का?

पहिलं कारण चेन. ती उजवीकडे असते आणि पायजम्याला ग्रीस लागलं की घरी बोलणी बसतात. दुसरं कारण घोड्याचं सांगतात. तलवार डाव्या कमरेला, तेव्हा उजवीकडून चढायला गेलं तर म्यान मध्ये येणार. म्हणून डावा पाय रिकिबीत. चाकणच्या संग्रामदुर्गावर १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्तेखानाला झुंजवलं, त्याच चाकणच्या रस्त्यावर आज कंपनीचा कामगार डावीकडूनच सायकलवर चढतो. तलवारीच्या जागी गळ्यात ओळखपत्र असतं, एवढाच काय तो फरक.

जाता जाता: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. फिरता फिरता पायडल सैल होऊन निघू नये म्हणून ही युक्ती. नवशिका पोरगा ते सोडवायला बसला की पंक्चरवाले काका आधी पाच मिनिटं गंमत बघतात, मग सांगतात.

नळीखालून

पोराची उंची कमी आणि सायकल बापाची. मग उजवा पाय नळीखालून, फ्रेमच्या त्रिकोणातून पलीकडच्या पायडलवर. पायडल पूर्ण फिरतच नाही, अर्ध्यावर खाली-वर. एक हात हँडलवर, दुसऱ्या काखेत सीट. सायकल उजवीकडे कललेली, पोरगं डावीकडे लोंबकळणारं. म्हणजे कामगाराची धावती टांग पोरगं सबंध रस्ताभर तशीच धरून ठेवतं. माझ्या मते पुढची उंच टांग इथेच पक्की होते, मधलीच पायरी गाळून मोठं झालेल्यांना ती जरा अवघड जाते.

माल असेल तर

दूधवाल्याच्या मागे दोन्ही बाजूंना किटल्या. मागून पाय फिरवायला गेला तर दूध रस्त्यावर. म्हणून तो गुडघा छातीपर्यंत उचलून पाय पुढून, नळीवरून काढतो. सिलिंडर नेणाऱ्याचं तेच. खरी पंचाईत बापाची: नळीवरच्या छोट्या सीटवर मूल, कॅरिअरवर दप्तर, पुढची आणि मागची दोन्ही दारं बंद. मग आधी स्वतः बसायचं, एक पाय फुटपाथच्या कडेला टेकवायचा आणि मुलाला काखेत धरून उचलून घ्यायचं.

डबल सीटला तर चढणारे दोन. पुढचा आधी एकटाच निघतो, कारण थांबलेल्या सायकलवर दोघांचं वजन ओढणं जड जातं. मागचा चार पावलं धावतो आणि डावीकडून कॅरिअरवर एकांगी उडी मारतो. त्या क्षणी हँडल लचकतं आणि पुढचा हमखास ओरडतो.

लेडीज सायकल आणि साडी

नळी खाली वाकवली की टांगेचा प्रश्नच मिटतो. पाय आत घालायचा, बसायचं. साडीसाठी केलेली ही सोय गुडघे दुखणारे आजोबाही बिनदिक्कत वापरतात, आणि अगदी बरोबर करतात. मोटारसायकलवर मात्र साडीचा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२३ वा नियम सांगतो, की मागच्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धं चाक झाकलेलं हवं. चाकणला बनणाऱ्या बजाजच्या मोटारसायकलींना डावीकडे जी साडीगार्ड दिसते, ती याच नियमापायी.

मधली एक जात लूनाची. चिंचवडच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने ती १९७२ मध्ये आणली. गाडी पेट्रोलची, पण सुरू करायला पायडल. लोक ती स्टँडवर लावून जागच्या जागी जोरात पायडल मारायचे, इंजिन फुरफुरलं की स्टँडवरून ढकलायचे. चढून, घाम गाळून, मग निघायचं! २०१८ साली पिंपळे सौदागरला भाड्याच्या सायकली आल्या तेव्हा टांग टाकण्याआधी मोबाइल काढावा लागला, कारण कुलूप ॲपने उघडायचं होतं.

बूट अडकवून

मुंबई-पुणे शर्यतीत ‘घाटाचा राजा’ ठरवायला बोरघाट चढणारे गडी बूट पायडलमध्ये खटकन अडकवतात. हे पायडल फ्रान्सच्या लूक कंपनीने १९८४ मध्ये आणलं आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनोने त्यावर टूर द फ्रान्स जिंकली. चढायचं असं: उभ्यानेच एक बूट अडकवायचा, एक पायडल मारायचं, सीटवर यायचं, मग दुसरा बूट. सुटायला टाच बाहेर वळवायची. नवखा माणूस लाल दिव्याला थांबतो, पाय सरळ वर ओढतो, बूट निघत नाही आणि तो सायकलसकट सावकाश आडवा होतो. म्हणून जुने सायकलपटू नव्यांना पहिल्या दिवशी रस्त्यावर नेतच नाहीत. सोसायटीच्या भिंतीला एक हात धरून, जागच्या जागी, टाच बाहेर, टाच बाहेर, असं सुटायलाच शिकवतात.